चुकायचे कुठे?

गोल्फ या खेळाविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक ठाम मत असते. हा खेळ पैसेवाल्यांचा, पोट सुटलेल्यांचा आणि ज्यांना दुसरा उद्योग नाही अशांचा! हातात काठी घ्यायची, एवढ्याशा चेंडूला हाणायचे, मग तो कुठे गेला हे पाहायला अर्धा फर्लांग चालायचे आणि सापडला की पुन्हा हाणायचे. 'एवढे चालायचेच असेल तर येताना दळण तरी आणा,' हा गृहिणींचा अभिप्रायही त्यात मिळवावा. आमच्या जळगाव-धुळ्याकडे केळी, कापूस आणि वांग्याचे भरीत या विषयांवर चार माणसे तासभर सहज बोलतील. गोल्फवर दोन मिनिटे बोलणारा माणूस मात्र मुद्दाम शोधावा लागतो.

तरीही यंदाच्या दिवाळी अंकात मी गोल्फवर लिहायला बसलो आहे. मी तो खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तो वाचतो आणि पडद्यावर पाहतो. क्रिकेटची बॅट कधी हाती न धरलेली माणसे जर कर्णधाराला सल्ले देऊ शकतात, तर माझ्या या आगाऊपणालाही वाचकांनी क्षमा करायला हरकत नाही.

निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. तो पुण्यास एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. साहेबलोकांच्या संगतीने त्याला या खेळाची चटक लागली. दिवाळीला आला तो तक्रार घेऊनच. म्हणाला, "मामा, नव्या काठ्या घेतल्या, शिकवणी लावली, चेंडू पूर्वीपेक्षा लांब जातो; पण गुण काही सुधारत नाहीत."

मी विचारले, "अरे, तू चुकतोस तेव्हा तुझा चेंडू कुठे जातो?"

"ते कसे सांगणार? चूक ती चूक. कुठेही जातो!"

माझ्या मते त्याचे सारे दुखणे या 'कुठेही' शब्दात आहे. बरोबर कसे मारायचे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण माणूस चुकणार हे गृहीत धरून, चुकायचे कुठे हे आधी ठरवणे, हाच या खेळातील खरा डावपेच आहे. ही गोष्ट ज्याला उमगली तो बेताच्या ताकदीवरही निभावून नेतो. ज्याला उमगली नाही त्याच्या काठ्या सोन्याच्या असल्या तरी फुकट!

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगतो. जमिनीत एक भोक असते, व्यास सव्वाचार इंच. हे माप १८९१ साली नक्की झाले आणि आजही जगभर तेच आहे. त्यापासून शे-दीडशे ते पाचसहाशे यार्डांवर उभे राहून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि कमीत कमी टोल्यांत तो त्या भोकात घालायचा. अशी अठरा भोके झाली की डाव संपला. सुरुवात करतात ती जागा 'टी', मधला कापलेल्या गवताचा पट्टा 'फेअरवे', आणि भोकाभोवतालचे गालिच्यासारखे बारीक गवत म्हणजे 'ग्रीन'. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना 'बंकर' म्हणतात. चांगल्या खेळाडूला एखाद्या भोकाला किती टोले लागावेत याचा जो आकडा ठरलेला असतो तो 'पार'. खेळाडूने जवळ चौदापर्यंत काठ्या बाळगाव्यात. समोर गोलंदाज नाही, अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी नाही. मग खेळाडूची लढाई कोणाशी? तर पायांखालच्या जमिनीशी!

आता हे वर्णन ऐकून ज्याला आपले बालपण आठवणार नाही, तो आमच्या पिढीतला नव्हे. जमिनीत भोक, त्यापासून दूर आखलेली रेघ, आणि त्या भोकात काहीतरी घालण्याची धडपड. ही तर आपली गोट्यांची गल झाली!

धुळे शहर हे तसे आखून वसवलेले गाव. खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली येथे आपले ठाणे केले आणि नवी पेठ आखून बसवली. म्हणून जुन्या धुळ्यातल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नंबर आहेत. दुसऱ्या गावचा माणूस पत्ता शोधताना नंबर मोजतो. आम्ही पोरे मात्र गल्ली ओळखायचो ती तिच्या जमिनीवरून. एका गल्लीत मुरूम पक्का बसलेला, तिथे गोटी घसरत लांब जाई. दुसरीत माती भुसभुशीत, तिथे टाकली तिथेच रुतून बसे. पांझरेच्या पात्रात खेळायला गेलो तर वाळू. तिथे गल खणावी तर कडा ढासळून तिचा पार थाळा होई. आणि गावाबाहेरची काळी जमीन तर आश्विन उलटला की भेगाळायची. एकदा गोटी भेगेत गेली की ती काळ्या आईच्या पदरात पडली असे समजून घरी जायचे.

आमच्या गल्लीत गल असे ती मधोमध नव्हे, थोडी गटाराकडे. उतारही गटाराकडेच. नवा मुलगा रेघेवरून थेट गलीवर नेम धरी. लागला तर वाहवा. पण तसूभर चुकला की गोटी उतारावरून गडगडत गटारात. मुरलेला खेळाडू नेम धरी तो गलीच्या वरच्या अंगाला, भिंतीच्या बाजूला. गोटी उताराने आपोआप खाली गलीकडे येई. नाही आली तरी भिंतीपाशी सुखरूप राही आणि पुढच्या खेपेला गल टप्प्यात असे. आणखी एक बारकावा होता. आपली गोटी गलीजवळ ठेवावी, पण दुसऱ्याच्या नेमाच्या वाटेत ठेवू नये. नाहीतर तो आपल्याच गोटीला टोला देऊन आपल्याला पार दुसऱ्या टोकाला पाठवी. शेवटी राहिलेल्याच्या नशिबी गोटी कोपराने ढकलत गलीपर्यंत न्यायची शिक्षा. मुरुमावर कोपर सोलून निघाले की जमिनीचा उतार जन्मभर विसरत नसे. गल्लीतली मोठी पोरे घाई करणाऱ्याला एवढेच सांगत, "दम धर, भो! आधी जमीन पाहा."

गोल्फमधले थोर थोर खेळाडू तरी याहून वेगळे काय सांगतात?

आता प्रत्यक्ष गोल्फचे मैदान पाहायचे तर आमच्या बाजूने सर्वांत ओळखीचे नाव नाशिकचे. तेथे भर शहरात 'गोल्फ क्लब मैदान' आहे. रिक्षावाल्याला नुसते 'गोल्फ क्लब' म्हटले तरी तो बिनचूक नेऊन सोडतो. मात्र तेथे उतरल्यावर गोल्फ शोधू नये. तेथे रणजी करंडकाचे क्रिकेट सामने झाले आहेत आणि सकाळ-संध्याकाळ गावकरी फेऱ्या मारतात. इंग्रज गेले, त्यांचा खेळ गेला, नाव तेवढे मागे राहिले. आणि तेही सरकारदरबारी राहिलेले नाही. या मैदानाचे नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि पुढच्याच वर्षी फाशी गेलेला तो कोवळा तरुण. साहेबाच्या खेळाच्या मैदानाला त्याचे नाव मिळावे, यात काळाने साधलेला न्याय आहे.

हा खेळ हिंदुस्थानात आला तोही फार लवकर. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला तो सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. चेंबूरचे आजचे मैदान १९२७ सालापासूनचे. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचे मैदान आहे. पण भोकाभोकाचा डावपेच शिकायचा तर गंगोत्रीलाच गेले पाहिजे. गोल्फची गंगोत्री म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे सेंट अँड्र्यूज हे गाव आणि तिथले 'ओल्ड कोर्स' हे मैदान. मी ते घरबसल्या इतक्या वेळा चाललो आहे, की मेहरूण तलावाची फेरीही तितक्या वेळा झाली नसेल.

हे मैदान कोणा एका कारागिराने आखलेले नाही. समुद्र मागे हटला, वाळूचे उंचवटे उरले, त्यावर गवत आले. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा धरून बसल्या त्या जागी खळगे पडले आणि त्यांचेच पुढे बंकर झाले, असे सांगतात. पूर्वी येथे जाताना अकरा आणि येताना अकरा असे बावीस डाव होत. १७६४ साली काही आखूड भोके एकत्र केली आणि अठरा उरले. जगभर आज अठरा भोके खेळतात ती या एका गावच्या सोयीमुळे! जाताना आणि येतानाची भोके बहुतेक ठिकाणी एकाच मोठ्या ग्रीनवर आहेत आणि त्या जोडीच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते. दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, याप्रमाणे. हिशेबी माणसाला आनंद व्हावा अशी ही रचना.

आता या अठरांपैकी पाच भोके पाहू.

पहिले भोक दिसायला अगदी गरीब. फेअरवे इतका रुंद की त्यावरून बैलगाड्यांची शर्यत लावावी. पण ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन नावाचा ओढा आडवा वाहतो. भोक बऱ्याचदा ओढ्याच्या जवळ असते आणि नवखा खेळाडू बरोबर भोकावर पडेल असा टोला मारायला जातो. टोला थोडा कमी पडला की चेंडू पाण्यात. शहाणा खेळाडू एक काठी जास्तीची घेतो, म्हणजे जी नेहमी दहाबारा यार्ड लांब पडते ती. चेंडू भोकाच्या पलीकडे जातो, लांबून ढकलावा लागतो, पण कोरडा राहतो. म्हणजे येथे चुकायचे ते पलीकडे, अलीकडे नाही. आमच्या गल्लीतल्या गटाराचा नियम तो हाच!

अकरावे भोक आखूड, पावणेदोनशे यार्डांचे. एका टोल्यात ग्रीनवर पोचायचे आणि दोन हलक्या टोल्यांत भोकात घालायचे, एवढेच काम. पण ग्रीन मागून पुढे उतरते. पुढे उजवीकडे स्ट्रॅथ नावाचा बंकर, डावीकडे हिल नावाचा, मागे ईडन नदीची खाडी आणि तिच्यावरून येणारा वारा. पहिल्या भोकाचा धडा येथे लावला तर घात होतो. चेंडू भोकाच्या पलीकडे गेला की परतीचा टोला उतरणीवर येतो आणि नुसता स्पर्श केला तरी चेंडू घरंगळत खाली जातो. येथे चुकायचे ते अलीकडे, भोकाच्या खालच्या अंगाला. जमीन बदलली की चुकण्याची जागाही बदलली पाहिजे.

याच भोकावर १९२१ साली बॉबी जोन्स नावाचा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा हिल बंकरमध्ये सापडला. आधीचीच भोके त्याला वाईट गेली होती. डोके इतके तापले की त्याने तो डाव तिथेच सोडून दिला. लोकांनी नावे ठेवली. पण पुढे हाच पोरगा या मैदानाचा खरा विद्यार्थी झाला. १९२७ साली येथेच त्याने ओपन स्पर्धा जिंकली. १९३० साली एका वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम केला, त्यांतलीही एक येथेच. आणि १९५८ साली, दुखण्याने शरीर खचलेले असताना, त्याच गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला. हा मान त्याआधी बेंजामिन फ्रँकलिन या एकाच अमेरिकन माणसाला मिळाला होता. ज्या जमिनीने रडवले तिच्याशी भांडण न करता तिचा स्वभाव ओळखला, म्हणून हे घडले.

चौदावे भोक लांबलचक. मोठ्या स्पर्धांत सहाशे यार्डांच्या वर जाते. उजवीकडे दगडी भिंत. तिच्यापलीकडे चेंडू गेला की दंड. डावीकडे लहान बंकरांचा पुंजका. दोहोंच्या मधल्या हिरव्या पट्ट्याला स्वर्गातल्या कुरणाचे नाव दिले आहे. आणि पुढे वाटेत जो प्रचंड, पुरुषभर खोलीचा बंकर आहे त्याचे नाव 'हेल', म्हणजे नरक! स्वर्गातून दुसरा टोला मारायचा तर नरक ओलांडून जावा की नाही, हा येथला प्रश्न. ज्याच्या अंगात ताकद आहे आणि वारा पाठीशी आहे त्याने ओलांडावे. इतरांनी डावीकडे, शेजारच्या पाचव्या भोकाच्या फेअरवेवर सरळ चेंडू काढावा आणि वळसा घालून यावे. त्यात एक टोला जास्त लागतो, पण अब्रू वाचते. जॅक निकलॉस हा या खेळातला महामेरू. ओपन स्पर्धा त्याने या मैदानावर दोनदा जिंकली. पण १९९५ साली त्यालाही या नरकातून बाहेर पडायला चार टोले लागले आणि त्या एका भोकाला त्याचे एकूण दहा झाले. नरकात गेल्यावर पूर्वपुण्याई विचारात घेत नाहीत असे दिसते.

सतरावे भोक जगातले सर्वांत कठीण म्हणून गाजलेले. सुरुवातच आंधळी. पूर्वी येथे रेल्वेच्या शेडा होत्या. आता त्याच आकाराची शेड हॉटेलच्या आवारात उभी आहे. तिच्यावरून, पलीकडचे काही दिसत नसताना, टोला मारायचा. पुढे ग्रीन तिरपे आणि अरुंद. त्याच्या पोटात डावीकडून घुसलेला एक लहान पण खोल बंकर. आणि पाठीमागे चक्क गावचा रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर गेलेला चेंडू रस्त्यावरूनच मारावा लागतो.

येथे कित्येक शहाणे बुडाले. १९७८ साली त्सुनेयुकी नाकाजिमा हा जपानी खेळाडू दोन टोल्यांत ग्रीनवर पोचला होता. बाजी मारली असे वाटत असताना त्याचा हलका टोला उतारावरून वळला आणि चेंडू बंकरमध्ये पडला. बाहेर काढायला चार टोले; भोकाला एकंदर नऊ. १९८४ साली टॉम वॉटसन आघाडीवरच्या बायेस्टेरॉसच्या बरोबरीत होता. येथे त्याचा दुसरा टोला लांबला, चेंडू रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला आणि स्पर्धा हातची गेली. मग येथे करायचे काय? जुने जाणते सांगतात, की दुसऱ्या टोल्याला ग्रीनचा नाद सोडावा. चेंडू ग्रीनच्या पुढे उजव्या अंगाला मोकळ्या जागेत ठेवावा, तिथून हलकेच वर ढकलावा. पार चारचा आहे; चार झाले तर उत्तम, पाच झाले तरी रडू नये. जेथे सगळेच एखादा टोला घालवतात तेथे एकच घालवणे म्हणजे कमाई.

अठरावे भोक पुन्हा सोपे. समोर गाव, दोन्ही बाजूंना गावकरी. फक्त ग्रीनच्या पुढे डावीकडे एक खोलगट बशी आहे, तिला 'पापाची दरी' म्हणतात. टोला थोडा कमी पडला की चेंडू त्या दरीत परत येतो. म्हणून येथे पुन्हा पहिल्या भोकाचा नियम: चुकायचे ते पलीकडे. पण येथली सर्वांत मोठी चुटपुट दरीतली नाही. १९७० साली डग सँडर्स या खेळाडूला स्पर्धा जिंकायला अवघ्या तीन फुटांवरून चेंडू भोकात घालायचा होता. घातला नाही. दुसऱ्या दिवशीच्या निकाली डावात निकलॉसने त्याला हरवले. तीन फूट म्हणजे आमच्या गलीजवळचे अंतर! सोपे काम आल्यावर मन सैल सोडायचे नाही, हा अठराव्या भोकाचा धडा.

आता या सगळ्या डावपेचाची पावती कोणी दिली? २००० साली टायगर वुड्सने. या मैदानावर एकशेबारा बंकर आहेत. वुड्स चार दिवसांत बहात्तर भोके खेळला आणि त्याचा चेंडू एकाही बंकरमध्ये गेला नाही. आठ टोल्यांच्या फरकाने तो ओपन जिंकला. लोकांना त्याचे लांब टोले आठवतात. मला आठवतात ते न भेटलेले एकशेबारा खड्डे. त्या काळात त्याच्याइतके लांब मारणारे आणखीही होते. पण आपला वाईटात वाईट टोला कुठे जाऊन पडेल, याचा हिशेब त्याच्याइतका कोणी केला नव्हता.

ताकदवानाचा दाखला नको असेल तर आपल्याच देशातला घ्या. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका टोल्याने हुकले. लांब मारण्यात ती त्या स्पर्धेतल्या मागच्या रांगेतली होती. पण चेंडू वेडावाकडा जाऊ न देणे आणि भोकाजवळचे काम चोख करणे, एवढ्या भांडवलावर जगातल्या पहिलवान बायका तिने मागे टाकल्या. सकाळी लवकर उठून गोल्फ पाहणारी माणसे त्या आठवड्यात आमच्या जळगावातही निघाली, ही त्या मुलीची खरी करामत!

हा हिशेब केवळ मैदानावरचा नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आपण संसाराचे अंदाजपत्रक बांधतो ते नेहमी आपल्या उत्तम टोल्यावर. बोनस पुरता मिळेल, मुलाला हवी तीच शाखा मिळेल, कापसाला भाव येईल, सासरेबुवांची तब्येत धड राहील, असे धरून हप्ते ठरवतो. मग एक टोला चुकला की चेंडू थेट गटारात. चूक टळत नाही. पण भिंतीच्या बाजूला चुकण्याची सोय आधी करून ठेवता येते. माझ्या भाच्याला मी एवढेच सांगितले, की पुढचे चार रविवार गुण मांडू नकोस. वहीत फक्त लिही, चेंडू चुकला तो कोणत्या बाजूला. त्याची बायको म्हणाली, "मामा, हीच वही घरखर्चालाही लावते!" मुलगी हुशार आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. ही जमीन वाचण्याची विद्या शिकायला आधी जमीन पाहिजे.

सेंट अँड्र्यूजची ती पवित्र भूमीही एकदा हातची गेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि १७९७ साली ती जमीन विकली गेली. सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांनी तेथे हजारो ससे सोडले. मैदानभर बिळेच बिळे! खेळाडू आणि व्यापारी यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे आणि मारामाऱ्या चालल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप नावाच्या एका शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. १८९४ साली पार्लमेंटात कायदा होऊन ती पुन्हा गावाची झाली. ती आजही सार्वजनिक आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद. त्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी फिरावे, मुलांनी बागडावे, कुत्र्यांनी पळावे. जगातले सर्वांत नामांकित मैदान आठवड्यातून एक दिवस गावाचे अंगण होते. साहेबाकडून घ्यायचेच असेल तर हे घेण्यासारखे आहे.

आमच्या खान्देशात हिरव्यागार ग्रीनची चैन परवडणारी नाही, हे मी जाणतो. पाऊस बेताचा, उन्हाळा भाजून काढणारा. ज्या पांझरेकाठी शेतकऱ्यांनी फड पद्धतीने पिढ्यान् पिढ्या पाणी वाटून घेतले, ज्या जळगावाने थेंबाथेंबाने पिकाला पाणी पाजण्याची विद्या देशाला शिकवली, तेथे करमणुकीच्या गवतावर पाणी ओतणे शोभणार नाही. पण गोल्फला गवत लागतेच असे नाही. आपल्याकडच्या आणि परदेशातल्याही कोरड्या मुलखांत वाळूत तेल कालवून, ती सपाट दाबून ग्रीन करीत. तिला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राऊन' म्हणत. म्हणजे भोक, उतार आणि मोकळी हवा एवढे असले की खेळ होतो. गोट्यांना तर तेलही लागत नाही.

लागते ती माती. आणि नेमकी तीच आमच्या गावांतून नाहीशी होते आहे. अंगणात फरशी आली, गल्लीत काँक्रीट आले, सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला, धूळ गेली, हे चांगलेच झाले. आमच्या बायकांची निम्मी झाडलोट वाचली. पण पेव्हर ब्लॉकमध्ये गल खणता येत नाही. सिमेंटवर विटी कोलता येत नाही. सपाट फरशीवर वाढलेल्या मुलाला उतार कळणार कसा? चेंडू कुठे वळेल, ओली माती कुठे धरून ठेवील, कोरडी कुठे दगा देईल, हे पुस्तकात सापडत नाही आणि मोबाइलच्या काचेवर तर मुळीच नाही.

तेव्हा सोसायट्यांच्या कार्यकारी मंडळांना माझी एक नम्र सूचना आहे. यंदा आवारात फरशी घालायचा ठराव आला तर कोपऱ्यातला दहा बाय वीस फुटांचा एक तुकडा तेवढा सोडा. त्यात बाग करू नका, पाटी लावू नका, झोपाळाही टांगू नका. नुसती माती असू द्या, थोडी उताराची. मुले काय करायचे ते बघून घेतील. आणि कोणी आजोबा सायंकाळी खिशातून पाच गोट्या काढून तिथे उकिडवे बसलेले दिसले, तर सभासदांनी तक्रार न करता त्यांच्या शेजारी बसावे. फराळाला अजून वेळ असतो, तेवढ्यात एक डाव सहज होतो. फक्त रेघेवर उभे राहिल्यावर आधी विचारावे, "आजोबा, गटार कोणत्या बाजूला?"